तुझे हात नीट दिसेपर्यंत

प्रिय ताई,

पत्रं वाचायचा तुला कंटाळा होता, हे माहीत असूनही पत्रच लिहितोय. तुला जाऊन सव्वा महिना झाला. गेल्या रविवारी पूनम नामपूरहून आली ती तुझ्या सगळ्या सीड्या घेऊन. कापडी पिशवीत, एकेक सीडी तुझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली. म्हणाली, "मामा, यातली एकही माझ्या मोबाईलवर चालत नाहीये. चालवून दे ना. मला आई बघायची आहे."

तुझी लेक आता माझ्याकडे राहून कॉलेजला जाते, हे तू बघून गेलीस तेवढं बरं झालं. तिने मागितलं आणि मी कामाला लागलो. आठवडाभर रोज संध्याकाळी तुझी एकेक सीडी उघडतोय, मोबाईलला कळेल अशा रूपात बदलतोय, तपासतोय. हे करता करता जे समोर आलं, ते तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना. आणि हातांनी एवढं सगळं सांगण्याइतकी तुझी भाषा मला कधी आलीच नाही. म्हणून पत्र. रागावू नकोस.

आपल्या घरात तुझी भाषा फक्त आईला येत होती. तू जन्मापासून ऐकू न येणारी. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत चार वर्षं गेलीस, तिथले हातवारे वेगळे, आपल्या सातपूरच्या घरातले वेगळे. ते तू आणि आईने मिळून घडवलेले. डोळे चोळले की कांदा, गाल फुगवला की मोठी आत्या! तुम्ही दोघी ओट्यापाशी बसून दोन-दोन तास गप्पा मारायच्या, बांगड्यांचा तेवढा आवाज यायचा. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले की म्हणायचे, "काय चाललंय यांचं?" आणि मी म्हणायचो, "मला काय माहीत!" त्याच घरात वाढलेला मी! 'पाणी', 'जेवण', 'ये', 'जा' एवढ्यावर माझं भागायचं. मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तुझं लग्न झालं, तू नामपूरला गेलीस आणि आई मुकी झाली. खरंच मुकी झाली. फोन तुझ्या काय कामाचा? भाऊजी फोनवर सांगायचे, "बरी शे, तुमची ताई बरी शे," आणि फोन ठेवायचे. तू पत्र पाठवायचीस तेही दोन ओळींचं. 'आई बरी? मी बरी. कांदा खूप.' मी ते आईला वाचून दाखवायचो. ती कागद हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "यात ती कुठं हाय?"

बाबा गेले, त्यानंतर काही वर्षांनी मी कॉम्प्युटर घेतला आणि छोटा डिजिटल कॅमेरा. त्यात थोडं थोडं चित्रीकरण व्हायचं. मला वाटलं, आईला कॅमेऱ्यासमोर बसवावं, तिने तुझ्याशी बोलावं, सीडी करून पाठवावी. भाऊजींनी त्या वर्षी डीव्हीडी प्लेअर घेतलाच होता. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "म्हणजे तिला माझे हात दिसतील? तिकडं?" मी म्हटलं, "दिसतील." मग ती वेणी घालून, सणासुदीची फुलाफुलांची साडी नेसून बसली.

पहिली सीडी तुझ्या प्लेअरने घेतलीच नाही. 'नो डिस्क' म्हणून बाहेर काढली. मी कॅमेऱ्यातली फाईल जशीच्या तशी भरली होती. तुझ्या प्लेअरला ती भाषाच येत नव्हती. दुसऱ्या वेळी सीडीच्या दुकानात विचारून साध्या व्हीसीडीच्या पद्धतीने केली. त्या वेळी मी काय केलं होतं, सांगू? आधी कधीच सांगितलं नाही. चित्र आणि आवाज मागेपुढे होत होते. आईची बांगडी आधी वाजायची, हात नंतर हलायचा. ते जुळवायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. आई मागे उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, पण ती ऐकणार हाय का?"

आम्ही दोघं हसलो. पण ताई, आता ते हसू आठवलं की बरं वाटत नाही. तुझ्यासाठी करत होतो आणि तू मला आठवतच नव्हतीस. मला फक्त फाईल दिसत होती.

ती सीडी चालली. पण भाऊजींचा फोन आला, "भाऊ, हात दिसतस नहीत. हात हालना का चौकटीच चौकटी." मी सांगितलं, "भाऊजी, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतेय. तुमच्या प्लेअरची लेन्स साफ करून बघा." कारखान्यात मी क्वालिटीला आहे. तिथे रोज शिकवतात की बनवलेला जॉब आपल्या मोजायच्या गेजमध्ये बसला म्हणून पास होत नाही, गिऱ्हाईकाच्या मशीनवर बसला पाहिजे. घरी आल्यावर हे शहाणपण कुठे जायचं?

आता तिसऱ्या सीडीविषयी. ताई, आपण दोघांनी तिच्याबद्दल पुन्हा कधी बोलणं काढलं नाही.

आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर काढून टाकू. मी लगेच भाऊजींना फोन करायला निघालो, तर आईने माझा हात धरला. "नवऱ्याच्या तोंडून, सासूच्या देखत तिला हे कळायला नको. अशी जागा हाय का ती चारचौघांत बोलायची? मी माझ्या हातानं सांगते. तू फक्त मशीन चालू कर." आणि ती बोलत राहिली, ताई. एक तास चाळीस मिनिटं. मधे रडली, मधे हसली, तुला कसल्या तरी पाककृतीही सांगितल्या. मी कॅमेऱ्यामागे बसून बॅटरी किती उरली ते बघत होतो.

एवढं सगळं एका सीडीत मावेना. दोन सीड्या केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण मी नवीन पद्धत शिकलो होतो. फाईल दाबून लहान करायची. तुमच्या प्लेअरवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की त्याला ती पद्धत चालते. मी सेकंदाला पंचवीस चित्रांची दहा केली, चित्राचा दर्जा खाली आणला, सगळं एका सीडीत बसवलं आणि स्वतःवर खूश झालो. पहिली दोन मिनिटं कॉम्प्युटरवर बघितली, छान दिसली, पाठवली.

चार दिवसांनी मी फोन केला. "भाऊजी, सीडी पाहिली का ताईने?"

"पाह्यी ना. आई खूश शे म्हने."

खूश! मला क्षणभर विचित्र वाटलं. मग वाटलं, ताई हुशार आहे, आईच्या मनातलं ओळखून तिने नवऱ्यापासून गोष्ट लपवली असणार. मी आईला सांगितलं, "तिला कळलं." आई त्या दिवसापासून तुझी वाट बघायला लागली. बस थांबायच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची. एक आठवडा, दोन आठवडे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवी भरताना म्हणाली, "कांदा चालू असल. तिला कोण सोडणार?" मला माहीत होतं, ती तुझी बाजू घेत नव्हती, स्वतःची समजूत घालत होती. आत नेताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं.

ऑपरेशन झाल्यावर मात्र मी थेट भाऊजींना सांगितलं, काय असेल ते असो, तिला घेऊन या. दुसऱ्या दिवशी तू सटाण्याहून बस बदलून आलीस. वॉर्डात आईच्या अंगावरची पट्टी बघून तू जी उभी राहिलीस! तोंडातून तो आवाज निघाला. तुझा आवाज मी आयुष्यात चार-पाच वेळाच ऐकला असेन, त्यातला तो एक. आई डोळे मिटून होती. तू माझ्या शर्टाला धरून मला बाहेर ओढलंस आणि पर्समधून सीडी काढलीस. ती सोबत घेऊन आली होतीस तू.

घरी येऊन तू ती माझ्या कॉम्प्युटरला लावायला लावलीस. पुढे, पुढे, अजून पुढे असं बोटाने करत होतीस. चाळिसाव्या मिनिटापाशी थांबवलंस. औषधाच्या चिठ्ठीमागे पेनाने लिहिलंस, 'आई शांत.' आणि तळहात छातीवर ठेवून दाखवलास. उघडा तळहात म्हणजे मन शांत आहे. तुला नामपूरला तेवढंच दिसलं होतं. हातांच्या जागी चौकटी, मधली चित्रं गळालेली. उरलं ते एवढंच की आईचा हात छातीपाशी गेला.

माझ्या कॉम्प्युटरवर चित्र वीतभर खिडकीत दिसायचं, त्यामुळे ते फाटत नव्हतं. तुझ्या टीव्हीवर तेच ताणून मोठं व्हायचं. शिवाय तुझ्या प्लेअरला ती फाईल पेलवत नव्हती, तो अडखळायचा आणि उडी मारायचा. मी ते सगळं बघायला हवं होतं. माझ्याकडे तू तेच मिनिट पुन्हा लावलंस आणि या वेळी स्पष्ट दिसलं. तळहात नव्हता, मूठ होती. मूठ, छातीवर, दोनदा. मग 'ये.' मग पुन्हा 'ये.'

तू चिठ्ठीवर लिहिलंस, 'गाठ?' आणि पडद्यावर थाप मारलीस. कॉम्प्युटर हलला. मी, ताई, मी काय म्हणालो आठवतं? तुला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचले असशील. मी म्हणालो, "माझ्याकडे तर नीट चालतंय."

तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं. तू उठून आईचा डबा भरायला गेलीस.

तू आईला कसं समजावलंस, मला माहीत नाही. दवाखान्यात तुम्ही दोघी तासभर बोलत होता, आईचा एक हात सलाईनला बांधलेला. नर्स म्हणाली, "त्यांना हात हलवू देऊ नका." आई म्हणाली, "मग मी लेकीशी कशानं बोलू, बाई?" नर्सने सलाईन दुसऱ्या हाताला लावून दिली आणि निघून गेली. तेवढ्यात तुझी माझी नजरानजर झाली, तू मान वळवलीस.

महिन्याभराने मी दोन दिवस रजा टाकून नामपूरला आलो. आईच्या त्याच तीस सेकंदांच्या बोलण्याच्या सोळा सीड्या करून आणल्या होत्या. प्रत्येक वेगळ्या पद्धतीने, प्रत्येकीवर मार्करने नंबर. तुझ्याच प्लेअरवर, तुझ्याच टीव्हीवर बघायच्या. माफी मागायची दुसरी रीत मला येत नव्हती. तू दारात बघून पाणी दिलंस, बाकी काही नाही. दुपारभर लोडशेडिंग. आपण दोघं त्या बंद टीव्हीसमोर तीन तास बसलो होतो. तू भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस. थोड्या वेळाने अर्ध्या माझ्यापुढे सरकवल्यास.

वीज आली आणि तू रिमोट हातात घेतलास. एक नंबर, मान नकारार्थी. दोन, नाही. तीनला तू थांबलीस, पुन्हा बघितलंस, नाही. नवव्या नंबरच्या सीडीला तू टीव्हीजवळ गेलीस आणि आईच्या साडीवरच्या फुलांवर बोट ठेवलंस. मग स्वतःची बोटं हलवून दाखवलीस. मला कळायला वेळ लागला. बोटं फुलांत हरवतात! मी पंचवीस चित्रं, दर्जा, लांबी-रुंदी असं सगळं बदलत बसलो होतो आणि आईची साडी बदलायचं मला सुचलं नव्हतं. मागचं प्लास्टिकच्या फुलांचं शोकेसही नको. कोपर चौकटीबाहेर जाता कामा नये. उजेड पाठीमागून नको, समोरून हवा. हे सगळं तू मला एका संध्याकाळी शिकवलंस. नंतर कुठल्याशा मासिकात वाचलं की मागची भिंत साधी असली की फाईल कमी जागेत जास्त नीट बसते. तुला ते कुणी सांगितलं होतं?

परत येऊन आईला गर्द हिरवी बिनफुलांची साडी नेसवली, चुन्याच्या भिंतीसमोर खिडकीकडे तोंड करून बसवलं. ती कुरकुरली, "सिनेमात काम करते का मी?" सेकंदाला पूर्ण पंचवीस चित्रं, एका सीडीत वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. भाऊजींचा फोन आला, "आते दिसस बरं का! ती हासी ऱ्हायनी." हसतेय म्हणे! मी फोन आईच्या कानाला लावला.

मग तीन वर्षं. भाऊजींनी तुलाही कॅमेरा घेऊन दिला. तुझं मेमरी कार्ड पाकिटातून यायचं, त्याचीही सीडी करून मी आईच्या सीडीसोबत तुला पाठवायचो. मी प्रत्येक सीडी शेवटच्या सेकंदापर्यंत तपासून पाठवायचो. एकही अडकली नाही. आई गेली तेव्हा तू आठ दिवस आधीच येऊन राहिली होतीस, यातच मी माझं काहीतरी फिटलं असं धरलं.

पण नाही फिटलं, ताई. या आठवड्यात ते कळलं.

तुझं कावीळ अंगावर काढणं, सगळ्यांना उशिरा कळणं, यावर मला भांडायचं आहे तुझ्याशी. डोळे पिवळे दिसत असताना मला पोस्टकार्डावर "मी बरी" लिहून पाठवलंस! बेचाळिसाव्या वर्षी असं कुणी जातं का? ते भांडण मात्र एकट्याने करता येत नाही.

सीड्या आता मोबाईलवर चालतात. पूनम आणि मी शेजारी बसून बघतो. ती सांगते, मी खाली ओळी लिहितो, म्हणजे पुढे कुणालाही वाचता येतील. सुरुवातीला भराभर झालं. मग तुझ्या तिसऱ्या की चौथ्या सीडीत तू एक खूण केलीस, हनुवटीखाली दोन बोटं लावून वर उचलली. मी म्हटलं, "हे काय?" पूनम माझ्याकडे बघतच राहिली. "मामा, हे तू. तुझं नाव आहे हे."

मला नाव होतं? पूनम म्हणाली, "आई सांगायची, तू लहानपणी कायम मान खाली घालून काहीतरी खुडबुडत बसायचास. हनुवटी धरून तोंड वर केल्याशिवाय बघायचा नाहीस. म्हणून."

माझ्याशी बोलताना माझं नाव घ्यायची गरज तुम्हाला पडली नसेल. पण आईच्या सीड्यांमध्ये मी कॅमेऱ्यामागेच बसलेलो होतो ना! मोजलं नाही, पण प्रत्येक सीडीत ते आहे, कितीतरी वेळा. माझ्यासमोर बसून ती माझ्याबद्दल तुला सांगत होती आणि मी फोकस बघत होतो.

आणि मग ती सीडी. आई जायच्या आधीच्या दिवाळीत तू पाठवलेल्या कार्डाची. चित्र इतकं स्वच्छ की तुझ्या बोटातली अंगठी चमकलेली दिसते. सगळं बोलून झाल्यावर तू माझं नाव घेतलंस. मग दोन्ही मनगटं जुळवलीस, पंजे उघडलेस आणि हलकेच स्वतःकडे ओढलेस. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. पूनमने तीनदा मागे नेऊन बघितलं. "मामा, हे मला नाही माहीत. हे आईचं आणि आजीचंच असेल." आईच्या पुढच्या सीडीत आईनेही तेच केलं आहे, माझंच नाव घेऊन, आणि पदराने डोळे पुसले आहेत.

भाऊजींना फोन केला. त्यांनाही ठाऊक नाही. तुझ्या शाळेतल्या एका जुन्या बाईंकडे जाऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही आमच्याकडची खूण नाही हो. घरातली दिसते."

आता घरातलं कोण उरलंय? चित्र अडखळत नाही, एक चौकट फुटत नाही, आणि ते वाचणारं माणूस जगात नाही. तू माझ्याबद्दल काय म्हणालीस, ताई? 'याला सांभाळ' म्हणालीस? 'याला माफ केलं' म्हणालीस? की 'हा असाच आहे, काही उपयोग नाही' म्हणालीस? काल मी त्या जागी 'माफ केलं' असं लिहिलंही. पूनमने फक्त विचारलं, "नक्की का, मामा?" मी ते पुसलं.

म्हणून एवढं वचन देतो. तुझ्या आणि आईच्या सगळ्या सीड्या मी पुऱ्या करीन, घाई न करता, पूनमला विचारून, पूनमकडून शिकत. जे कळेल ते लिहीन. जिथे कळणार नाही, तिथली ओळ कोरी ठेवीन. माझ्या नावापुढची ओळसुद्धा. तुझ्या हातांत माझं वाक्य कधी घालणार नाही.

तुझा,
हनुवटी धरून वर बघायला लावावा लागणारा
सुनील